पकडून नेला, आणि परत इथेच आणून सोडला?

आम्ही कुत्र्यांना लस टोचायला एखाद्या वस्तीत गेलो की पहिला प्रश्न हमखास येतो. "अहो, मागच्या महिन्यात पकडून नेला होता ना? परत इथेच आणून सोडला? मग उपयोग काय?" विचारणारा चिडलेला असतो, आणि त्याचं चिडणं खोटं नसतं. पहाटे साडेपाचला कामावर निघालेल्या माणसाच्या अंगावर पाच-सहा कुत्री धावून आली तर त्याला भूतदयेवरचं भाषण नको असतं. आज या एकाच प्रश्नाचं उत्तर नीट बघू.

मारून बघण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईत मोकाट कुत्रा मारला की दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. तेव्हाचे आठ आणे म्हणजे थोडे नव्हेत, त्यामुळे पाळलेली कुत्रीही घरातून ओढून नेतात अशा तक्रारी झाल्या. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याला स्थान आहे. जून १८३२ मध्ये पारशी लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले, दंगल झाली. तरीही पुढे नव्वदच्या दशकापर्यंत मुंबईत महापालिका कुत्री मारतच होती. संपली का कुत्री? मुंबईला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

संपत नाहीत, कारण गल्लीत कुत्री किती राहणार हे तिथलं खाणं ठरवतं. चिकनच्या दुकानामागचा कचरा, हॉटेलचं खरकटं, भरून वाहणारी कचराकुंडी. यावर दहा कुत्री जगत असतील आणि तुम्ही दहाच्या दहा उचललीत, तर खाणं तसंच राहतं आणि शेजारच्या गल्लीतली त्यावर येतात. कुत्री वर्षातून दोनदाही विऊ शकते, एका वेळी चार-सहा पिल्लं. रिकामी जागा भरायला वेळ लागत नाही. आणि नवीन आलेली कुत्री तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांना लस दिलेली नाही, हद्दीसाठी त्यांची आपसांत भांडणंही जास्त. म्हणून २००१ च्या आणि आता २०२३ च्या केंद्राच्या नियमांत असं आहे की पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. कान कापलेला कुत्रा दिसला की समजा, याचं काम झालंय. तो त्या जागेवर बसलेला राखणदार आहे, बाहेरच्याला तो येऊ देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आमच्याकडे फरक का पडत नाही? हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आमच्यासारख्यांनाही लाजवणारं आहे. काम अर्धवट होतं. या वॉर्डात चाळीस, त्या वॉर्डात पन्नास, मग टेंडर संपलं, वर्षभर काही नाही. रेबीजची साखळी तोडायची तर त्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली हवी, आणि दरवर्षी. निम्म्यावर थांबलात तर पैसे गेले आणि विषाणू फिरतच राहिला. गोव्यात हे वेगळ्या पद्धतीने केलं. जाळी घेऊन माणसं गल्लोगल्ली फिरली, लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण केली आणि प्रत्येक कुत्र्याची जागा मोबाइलवर नोंदवली, म्हणजे कोणता वाडा राहिला ते संध्याकाळी नकाशावर दिसे. जोडीला शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्री तिथेही आहेतच, समुद्रकिनाऱ्यावर झोपलेली दिसतील.

सगळीकडे परतच सोडायचं का? नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्या म्हटलं, मग अकरा दिवसांत ते बदललं. नसबंदी आणि लस झालेली परत सोडा, पण रेबीज झालेली, संशयित आणि आक्रमक सोडू नका. खाऊ घालायचं तर ठरलेल्या जागीच. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याचा नियम वेगळा, दवाखान्याच्या व्हरांड्यातल्याचा वेगळा. आम्हाला हा फरक पटतो. मात्र कुंपण आणि कचरा यांची व्यवस्था नसेल तर तिथेही नवीन कुत्री येणारच.

पट्टा न लावता फिरवली जाणारी घरची कुत्री हा आणखी एक प्रकार. "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार जनावराबाबत असा निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कुत्रा अंगावर आला तर पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणं त्याच्या रक्तात आहे. उभे राहा, हात अंगाशी धरा, डोळ्यांत रोखून बघू नका, हळूहळू मागे सरका. गाडीवर असाल तर वेग कमी करा. पिल्लं असलेल्या कुत्रीपासून लांबून जा.

आणि चावलाच तर? वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी लस सुरू करायची. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, पण लसीसाठी थांबू नका. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन लागतं, ते आपण होऊन विचारा. लक्षणं दिसल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणं यायला दोन-तीन महिनेही लागतात. तोवर घरचे विसरून गेलेले असतात.

पोटातली चौदा इंजेक्शनं अजून लोकांच्या डोक्यात आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात, चार-पाच वेळा. पण आजी अजून चौदाचाच आकडा सांगते. ते ऐकलेलं पोर पिल्लाशी खेळताना दात लागला की बाही खाली ओढतं आणि घरी काही बोलत नाही. शाळेत गेलो की आम्ही म्हणूनच आधी विचारतो, "कुणाला कधी चावलंय का? घरी सांगितलं होतं का?" चावलंय म्हणून वर गेलेले हात दुसऱ्या प्रश्नाला एकेक करून खाली येतात.