दोन सुर्ला, एक नदी : रान राखण्याआधी रान जाणण्याविषयी



ज्या गुरुजनांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या व्यासपीठावरून भाषेच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने रानावनाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझा जन्म शब्दांच्या संगतीत गेला. परंतु आपल्या मुलखातले कित्येक शब्द रानातूनच आलेले आहेत, आणि रान गेले की त्या शब्दांखालची जमीनही जाते, हे उतारवयात मला तीव्रतेने जाणवू लागले. ही या विषयाकडे येण्याची माझी वाट आहे. विज्ञानाच्या अभ्यासकांनी जे शोधले, ते माझ्या समजुतीप्रमाणे सोप्या मराठीत मांडावे, एवढाच आजचा हेतू.

सुर्ला या नावाची दोन गावे गोव्यात आहेत. एक आपले, डिचोली तालुक्यातले. मांडवीच्या काठाला टेकलेले, खनिजाच्या पट्ट्यात सापडलेले. दुसरे सत्तरी तालुक्यातले, चोर्ला घाटाच्या अंगाला, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले. त्या घाटमाथ्यावरच्या सुर्ल्याचे पाणी ओहोळा-नाल्यांतून म्हादईला मिळते. तीच म्हादई खाली येता येता मांडवी होते आणि आपल्या सुर्ल्याजवळून समुद्राकडे जाते. वरच्या गावात रान आहे, खालच्या गावात खाणींचे खंदक आणि टाकाऊ मातीचे डोंगर आहेत. नदी मात्र एकच आहे. भूप्रदेशाचा विचार गावाच्या शिवेपाशी थांबवता येत नाही, हे सांगायला याहून सोपे उदाहरण मला सापडत नाही.

परिसरविज्ञान म्हणजे केवळ झाडांची आणि पक्ष्यांची यादी नव्हे. अमुक ठिकाणी कोण राहते, किती संख्येने राहते, कोण कशावर जगते, आणि यांतले एक हलले तर बाकीच्यांचे काय होते, या चार प्रश्नांची उत्तरे मोजमापाने शोधणे हे त्याचे काम. या उत्तरांवाचून केलेले संरक्षण म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय. ते कधी लागू पडते, कधी अपाय करते, आणि दोन्ही वेळी वैद्याला कारण कळत नाही.

वाघाचेच घ्या. सत्तरीत वाघेरी नावाचा डोंगर आहे, फोंड्यात वाघुर्मे नावाचे गाव आहे, आणि गोव्यात अनेक ठिकाणी वाघ्रो देवाची पूजा होते. भाषेच्या अभ्यासकाला ही नावे पुष्कळ काही सांगतात. परंतु नाव हा माग आहे, पुरावा नव्हे. वाघ येथे कधी काळी होता एवढेच त्यावरून म्हणता येईल. आज आहे की नाही, हे नावावरून ठरत नाही. याच संदिग्धतेचा आधार घेऊन, गोव्यातला वाघ हा शेजारच्या राज्यांतून येणारा पाहुणा आहे, असा एक सूर अनेक वर्षे लावला गेला. पाहुण्यासाठी घर बांधण्याची आवश्यकता नसते, हा त्यातला अध्याहृत अर्थ.

पाहुणा की रहिवासी, हे ठरवायचे कसे? पूर्वी आपल्या देशात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत. एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा आणि धुळीत वेगळा उमटतो, त्यामुळे त्या मोजणीत पाहणाऱ्याच्या अंदाजाला फार वाव राही. 2005 च्या सुमारास राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर असलेले वाघ प्रत्यक्षात उरलेच नाहीत, असे उघडकीस आले, आणि ती पद्धत मागे पडली. आता रानवाटांच्या दोन्ही बाजूंना आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावतात. दोन्ही बाजूंना अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. आपल्या बोटांच्या ठशांसारखीच ही ओळख.

परंतु कॅमेऱ्यापुढून गेले तेवढेच वाघ रानात आहेत, असे समजणेही चूक. येथे गणित मदतीला येते. समजा, शाळेमागच्या तळ्यातले वीस मासे पकडून, त्यांना खूण करून पुन्हा सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा वीस पकडले, त्यांत पाच खुणेचे निघाले. याचा अर्थ, वीस खुणेचे मासे हे तळ्यातल्या एकूण माशांच्या सुमारे एक चतुर्थांश आहेत. तेव्हा तळ्यात ऐंशीच्या आसपास मासे असावेत. सगळे तळे उपसल्याखेरीज आपण न पाहिलेल्यांचाही हिशेब केला. वाघांच्या बाबतीत पट्टे हीच खूण. हे तत्त्व भारतात वाघांना लावून दाखवण्याचे मोठे काम डॉ. उल्हास कारंथ यांनी 1990 च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात केले. दिसले नाही म्हणजे नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपण किती आणि कसे शोधले, हे सांगण्याची शिस्त या पद्धतीने लावली.

आता आपल्याकडच्या घटना पाहू. 1999 साली म्हादई अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 208 चौरस किलोमीटर आहे. त्याच वर्षी दक्षिणेकडे नेत्रावळीचेही अभयारण्य झाले, आणि मोले व खोतीगाव यांच्या जोडीने गोव्याच्या सह्याद्रीचा सलग पट्टा कायद्याच्या कक्षेत आला. 2009 मध्ये केरीच्या परिसरात वाघाची हत्या झाल्याचे प्रकरण उजेडात आले. पुढे जानेवारी 2020 मध्ये, अभयारण्यातल्या गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे असे चार वाघ मृतावस्थेत सापडले. गुरे मारली गेल्यावर जनावराच्या कलेवरात विष घातल्याचे तपासात पुढे आले.

या घटनेने मी फार अस्वस्थ झालो. चार वाघ गेले हे दुःख तर होतेच. पण बछड्यांसह हिंडणारी वाघीण ही पाहुणी नसते. पिल्ले वाढवायला तिला बारमाही पाणी, पुरेसे भक्ष्य आणि निर्धास्त आसरा लागतो. वाघ येथले रहिवासी आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा आपल्या हाती आला तो त्यांच्या प्रेतांच्या रूपाने. आणि त्या घटनेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या गोठ्यातली दुभती म्हैस जाते, त्याच्या घरची मिळकत एका रात्रीत जाते. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, तर कॅमेऱ्यातल्या सुंदर छायाचित्राचा त्याला काय उपयोग? वाघ कुठे फिरतात हे ज्या अभ्यासाला कळते, त्यानेच गुरे कुठे चरतात, केव्हा परततात, गोठा किती उघडा आहे, हेही पाहिले पाहिजे. आजच्या परिसरविज्ञानात माणूस हा अभ्यासाचा भाग मानतात, तो याच कारणासाठी.

24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करावे, असा आदेश दिला. वनवासी रहिवाशांचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करावेत, असेही त्याच आदेशात सांगितले. राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या वादात मी शिरत नाही. हक्कांची नोंद आणि वाघांची नोंद ही दोन्ही कामे एकाच आदेशात एकत्र आली, एवढ्याकडे मात्र मी लक्ष वेधतो. ती एकमेकांची वैरी नाहीत. एक रखडले की दुसरेही रखडते.

मोठ्या प्राण्यांकडे आपले लक्ष जाते, लहानांकडे जात नाही. पावसाळ्यात ओल्या मातीत सापडणारे देवगांडूळ पुष्कळांनी पाहिले असेल. ते गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. बेडकाच्या कुळातला तो बिनपायांचा उभयचर आहे. 2007 साली संशोधकांनी केरीहून एक आणि चोर्ल्याहून एक अशा देवगांडुळांच्या दोन नव्या जाती विज्ञानापुढे ठेवल्या. एकीच्या नावात गोवा आहे, दुसरीच्या नावात म्हादई. पुढे 2011 साली चोर्ला घाटातूनच आणखी एक पट्टेरी जात नोंदवली गेली. वरच्या सुर्ल्याच्या शेजारचा हा टापू. ज्यांना आपल्या लोकांनी आजवर साप समजून ठेचले, त्यांची ओळख जगाला आपल्या उंबरठ्यावरून झाली. नोंद नसलेल्या जिवाचा कैवार कोणी घेत नाही. त्याची जागा गेली तरी काही गेले, असे कोणाला वाटत नाही.

सड्यांचेही तसेच. जांभ्या दगडाचे हे माळ उन्हाळ्यात करपलेले दिसतात. कारकुनी भाषेत त्यांना 'पडीक' म्हणतात, आणि एकदा पडीक म्हटले की कशालाही मोकळे. पण पहिल्या पावसानंतर त्याच सड्यावर गेंदाची पांढरी फुले, सीतेची आसवे आणि कीटक खाणारे दवबिंदू उगवतात. सच्छिद्र कातळातून मुरलेले पाणी खालच्या गावांच्या झऱ्यांना पुरते. डॉ. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या सड्यांचा आढावा 2013 साली प्रसिद्ध केला. उघडा कातळ ही स्वतंत्र वस्ती आहे, झाडे नसणे हा तिचा दोष नव्हे, हे अशा अभ्यासांमुळे ध्यानात आले. सड्यावर खड्डे काढून झाडे लावणे हे तेथे पुण्यकर्म ठरत नाही.

झाडे लावण्याविषयी मला एक कबुली द्यायची आहे. तरुणपणी वृक्षारोपणाच्या उत्साहात मीही विद्यार्थ्यांना घेऊन ऑस्ट्रेलियन अकेशियाची रोपे लावली. खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरही हेच झाड गोव्यात मोठ्या प्रमाणावर लावले गेले. त्यामागे कारण होते : ते निकस मातीत तगते, झपाट्याने वाढते, मुळांवाटे जमिनीला नत्र देते आणि धूप थोपवते. पण त्याच्या कोरड्या पाचोळ्याचा थर लवकर कुजत नाही, त्याखाली दुसरे फारसे उगवत नाही, आणि आपल्या पाखरांना त्याचा आधार थोडा. हिरवे झाले, रान झाले नाही. माट्टी, किंदळ, जांभा, नाणा ही आपली झाडे अशा ठिकाणी कोणत्या क्रमाने, कोणत्या आधाराने परत येतील, हे वर्षानुवर्षे पाहूनच ठरवावे लागते. 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले. 2018 मध्ये ते दुसऱ्यांदा बंद पडले. पुढे लिलावानंतर काही ठिकाणी पुन्हा सुरू झाले. या खंडांच्या काळात नदीत गाळ किती उतरला, मानशीतून खाजनात काय शिरले, कोणते मासे परतले, याची गावागावांतून सलग नोंद राहिली असती, तर आज आपल्या हातात मतांच्या जोडीला मापे असती.

मापे नसली तरी आपल्या पूर्वजांपाशी काही रीती होत्या. सत्तरीत ब्रह्माकरमळी-नानोडेच्या बाजूला बांबर येथे निरंकाराची राई आहे. तेथे पाणथळ जमिनीत रानजायफळाच्या कुळातली झाडे उभी असून, त्यांची मुळे गुडघे वर काढल्यासारखी चिखलाबाहेर येतात. अशा जायफळी दलदली सह्याद्रीत फार थोड्या उरल्या आहेत. देवाच्या भयाने कोयता थांबला, म्हणून ती राई राहिली. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून, लोकांच्या श्रद्धेने रानाचे नमुने कसे जपले, हे शास्त्रीय जगापुढे मांडले. तरीही श्रद्धेला गणित येत नाही. राईभोवतीचा डोंगर उघडा झाला, झऱ्याचे पाणी आटले, तर आतली मुळे श्रद्धेने ओली राहणार नाहीत. भाविकाची राखण आणि अभ्यासकाची नोंद यांची सांगड घालावी लागेल.

मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानात अनेक दिवस वणवे पेटले, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. काजूची बागाईत, सुकलेली रानमोडी, वाऱ्याची दिशा, त्या वर्षीचा कोरडेपणा या साऱ्यांचा वाटा किती, हे सांगायला मागच्या वीस वर्षांच्या वणव्यांची गाववार नोंद हवी. अशी नोंद संकटाच्या दिवशी तयार करता येत नाही.

येथे मी शाळेकडे वळतो. संशोधक येतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि जातात, शाळा राहते. या विद्यालयात एक साधी वही ठेवावी, असे मला सुचवावेसे वाटते. पावशा पहिल्यांदा कधी ऐकू आला, किंदळ कधी फुलला, गावची झर कोणत्या तारखेला आटली, नदीचे पाणी कोणत्या दिवशी लाल झाले, वणवा कुठे लागला : तारीख, ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव. पाहिले नाही तर 'पाहिले नाही' असेच लिहावे. कल्पनेने रकाना भरू नये. घाटमाथ्यावरच्या सुर्ल्यातल्या मुलांनीही अशीच वही ठेवली, तर एका नदीच्या दोन टोकांची हकीकत पंचवीस वर्षांनी शेजारीशेजारी ठेवून वाचता येईल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्या पिढीचे शिक्षक रोज सकाळी हजेरी घेत. गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण होई, आणि संध्याकाळी कोणीतरी त्याच्या घरी चौकशीला जाई. आपल्या मुलखातल्या वाघाची, देवगांडुळाची आणि सड्यावरच्या गेंदाची हजेरी घेणारे कोणी असेल, तरच ते गैरहजर झाल्याचे कोणाला कळेल. ती हजेरी घेण्याचे काम या शाळेने पत्करावे, अशी माझी विनंती आहे.