रस्ता सर्वांचा, मग जागा मोटारीलाच का?

पुण्यात सायकल मार्गाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूला दुकानदार आणि मोटारवाले. सायकल मार्ग झाला तर गाड्या लावायच्या कुठे, गिऱ्हाईक येणार कसे, आणि मुळात आता सायकल चालवतोच कोण, असा त्यांचा सवाल. दुसऱ्या बाजूला पर्यावरणप्रेमी मंडळी. रविवारी सकाळी हेल्मेट घालून महागड्या सायकलीवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे त्यांत बरेच. आमचा त्यांच्यावर राग नाही, ते भांडतात म्हणून तरी विषय जिवंत आहे. परंतु या भांडणात ज्याचे पोट सायकलवर आहे तो माणूस कुठेच दिसत नाही.

तो कोण? पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी लावायला निघालेला कंत्राटी सफाई कामगार. रात्रपाळी संपवून वस्तीकडे परतणारा वॉचमन. थापी-ओळंबा पिशवीत घालून मजूर अड्ड्यावर जाणारा गवंडी. पेपर टाकणारा पोरगा. यांच्या सायकलीला गिअर नसतात, मागे कॅरिअर असते आणि कॅरिअरला जेवणाचा डबा बांधलेला असतो. हा माणूस प्रदूषण कमी करण्यासाठी सायकल चालवत नाही. जून २०२५ मध्ये पीएमपीचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले, तेव्हा त्याने महिन्याचा हिशेब केला आणि सायकलची ट्यूब बदलून घेतली. महापालिकेच्या बैठकीला तो येऊ शकत नाही, कारण बैठक असते कामाच्या वेळेत आणि त्याचा खाडा धरला जातो. मग ‘सायकल चालवतोच कोण’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

उत्तर जनगणनेने दिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील जवळपास ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती आणि मोटार किंवा जीप होती ४.७ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारी वाढल्या हे खरे, पुण्यासारख्या शहरात तर फारच वाढल्या. परंतु ज्या काळात पाचातल्या एकाही कुटुंबाकडे मोटार नव्हती, त्या काळातच शहरांचे रस्ते मोटारीच्या मापाने आखले गेले, पदपथ कापले गेले, उड्डाणपूल उभे राहिले. लोकशाहीत बहुमताला किंमत असते म्हणतात. रस्त्यावर ती कधी लागू झाली?

हे पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर उतरायचा. पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यातले कामगार मैलोन्‌मैल पायडल मारीत यायचे. त्या वेळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत, कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, आणि दिवा नसला की हवालदार चाकातली हवा सोडत असे. गरीब माणूस आपल्या वाहनाचा कर भरून रस्त्यावर येत होता. त्यासाठी वेगळा मार्ग लागत नव्हता, कारण सगळा रस्ताच त्याचा होता. वेगळ्या सायकल मार्गाची गरज त्याला मोटारीने लावली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. तरीही सायकलवाला आपल्याकडून काही ज्यादा मागतो आहे अशा थाटात आज बोलले जाते.

आता कायद्याकडे येऊ. भारतीय संविधानाचे अनुच्छेद १५ (२) आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारावर कोणत्याही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्या यादीत ‘रस्ते’ हा शब्द सहज आलेला नाही. पेशवाईत याच पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून रस्त्यावरून चालावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नोंदवून ठेवले आहे. १९२४ साली केरळात वायकोमला जो सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढीच मागणी होती. मोटार आणि सायकल यांचा वाद म्हणजे अस्पृश्यता, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे हा त्या वेदनेचा अपमान ठरेल, आणि कोर्टात तर असा युक्तिवाद पाच मिनिटेही टिकणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की जनतेच्या पैशाने बांधलेला रस्ता ही सामाईक मालमत्ता आहे, तिची वाटणी हा समतेचा प्रश्न आहे आणि तो व्यापारी संघटनेच्या निवेदनावर सोडवता येत नाही.

सरकारने कागदावर हे मान्यही केले आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना केंद्रस्थानी ठेवून वाटावी, असे तत्त्व घालून दिले. त्याच वर्षी पुण्यात सातारा रस्ता व सोलापूर रस्त्यावर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या जोडीला सायकल मार्ग आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक सायकल मार्गांचे जाळे त्यात दाखवले होते. आराखडा चांगला होता, तो करणाऱ्यांनी मेहनत घेतली होती हेही आम्ही नाकारत नाही. पुढे काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. जे मार्ग झाले त्यांतले कित्येक पदपथाला लाल-निळा रंग फासून झाले. मध्ये विजेची डीपी, पुढे बसथांबा, त्यापुढे झाड, आणि झाडानंतर मार्गच संपलेला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास मोठा गाजावाजा करून सायकल मार्ग बांधले. २०२५ मध्ये तेच उखडून मोटारींसाठी मार्गिका वाढवायचे ठरले. बांधायला ठेका, उखडायला ठेका!

असा अर्धवट मार्ग असण्यापेक्षा नसलेला बरा, असे आम्ही म्हणतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका रंगकाम करणाऱ्या मजुराच्या मृत्यूचा दावा होता. संध्याकाळी सायकलवरून घरी येताना मोटारीने मागून उडवले, जागेवर गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलाने त्याच्या विधवेला उलटतपासात विचारले, ‘‘रस्त्याच्या कडेला सायकल मार्ग असताना तुमचे पती मुख्य रस्त्यावर का होते?’’ त्या बाईला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, ‘‘साहेब, ते रोज तिथूनच जायचे.’’ वकिलाला हेच हवे होते. मृताचाच निष्काळजीपणा अपघाताला कारणीभूत ठरला असे दाखवता आले, की भरपाईतून तेवढा वाटा कापता येतो. आम्ही त्या जागेचे फोटो दाखल केले. सायकल मार्गावर दोन मोटारी लावलेल्या, पुढे वाळूचा ढीग, आणि त्याच्या पलीकडे विजेचा खांब. हवेतून उडत गेला असता तरच तो माणूस त्या मार्गाने जाऊ शकला असता. भरपाई मिळाली, परंतु रंगाऱ्याकडे पगारपत्रक कुठून असणार? उत्पन्न अंदाजाने धरले गेले, आणि एकदा उत्पन्न कमी धरले की वयानुसार लागणाऱ्या गुणकाने कितीही गुणा, आकडा लहानच येतो. जो सायकल मार्ग त्याला वाचवण्यासाठी बांधला म्हणतात, तो त्याच्याच बायकापोरांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले आहे. रस्त्याच्या रचनेत व देखभालीत ठरलेली सुरक्षा मानके पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम काहीच नाही, तरी आमच्या वकील बंधूंनी हे कलम वापरायला शिकले पाहिजे.

मार्ग अर्धवट का राहतात याचे उत्तर पार्किंगमध्ये आहे. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, तेही विरोधामुळे फक्त पाच रस्त्यांपुरते. पुढे ते पाच रस्तेही राहिले बाजूला. एका मोटारीला उभे राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात कुटुंबाला वर्षानुवर्षे २२५ आणि नंतर २६९ चौरस फुटांचे घर दिले गेले. आई-वडील, सून-मुलगा, नातवंडे सगळे त्यात. २६९ चा अर्धा किती होतो ते वाचकांनीच पाहावे. एका कुटुंबाच्या घरात बरोबर दोन मोटारी बसतात! घरासाठी त्या कुटुंबाला पात्रतेचे पुरावे, रहिवासाचा दाखला, मतदार यादी असे सगळे दाखवावे लागते. मोटारीला शहरातल्या मोक्याच्या रस्त्यावर तेवढी जागा फुकट मिळते आणि कोणी तिचा पुरावा मागत नाही. झोपडी पडली की ती अतिक्रमण. मोटार दिवसभर पडून राहिली की ती गरज.

इथे आपल्याच माणसांचा एक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. आमच्या वस्तीतला एक शिकलेला तरुण आम्हाला म्हणाला, ‘‘दादा, आमच्या बापजाद्यांनी पायपीट केली, बापाने सायकल दामटली, आता कुठे आम्ही गाडीचे हप्ते भरायला लागलो, आणि तुम्ही सायकलचे गुण गाता?’’ त्याच्या दारात उभी राहिलेली पहिली मोटार ही वस्तीची शान आहे, हे आम्ही जाणतो. परवा त्याच मोटारीतून शेजारच्या बाळंतिणीला ससूनला नेले. त्याने गाडी विकावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या त्याच घरातली धाकटी बहीण सायकलवरून कॉलेजला जाते, वडील अजून सायकलवरच कामाला जातात आणि आई पायी चार घरची कामे करून येते. एका घरातल्या चौघांपैकी तिघांचा रस्ता काढून घेऊन चौथ्याची गाडी उभी करायची, हा हिशेब त्याला तरी पटणार आहे का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘मग गाडी लावू कुठे?’’ प्रश्न रास्त आहे. तो त्याने गृहप्रकल्प मंजूर करणाऱ्यांना विचारला पाहिजे, बहिणीला नव्हे.

‘हे युरोपचे फॅड आहे’ असे म्हणणाऱ्यांनी युरोपचा इतिहासही वाचावा. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे तेहतीसशे माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा म्हणून आंदोलन उभे राहिले. ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाणे बंद केले. सायकलवाले मात्र कुठूनही कुठेही जाऊ शकत होते. तिथल्या दुकानदारांनी नेमका हाच आरडाओरडा केला होता की धंदा बुडणार. आज ते शहर जगातल्या सायकलींच्या शहरांत गणले जाते आणि दुकाने चालूच आहेत. तिथल्या लोकांना हे भांडून मिळाले, कोणी दान दिले नाही.

मात्र एका गोष्टीची खबरदारी आपण घेतली पाहिजे. सायकल मार्गासाठी जागा काढायची वेळ आली की पहिला हात पथारीवाल्यावर पडतो. भाजीची पाटी उचलली जाते, मोटार तशीच राहते. पथविक्रेता कायदा २०१४ च्या कलम ३ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हुसकावता येत नाही. सायकल मार्गाच्या नावाखाली हे होत असेल तर आम्ही सायकलवाल्यांच्या नव्हे, पाटीवाल्या बाईच्या बाजूने कोर्टात उभे राहू. जागा घ्यायची ती उभ्या मोटारीची घ्या.

दुसरी खबरदारी अधिक गंभीर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनेच मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१-अ) आले. रस्ता सुरक्षेसाठी पादचारी व बिगरयांत्रिक वाहने यांचा सार्वजनिक जागी व राष्ट्रीय महामार्गावर वावर ‘नियमित’ करण्याचे नियम राज्यांना त्याखाली करता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. न्यायालयाचा हेतू चालणाऱ्यांच्या व सायकलवाल्यांच्या संरक्षणाचा आहे. परंतु ‘नियमित करणे’ या शब्दांचा अर्थ नोकरशाही कसा लावते हे आपण पाहिलेले आहे. कोलकात्यात २०१३ साली वाहतुकीला अडथळा होतो म्हणून १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घालण्यात आली. दूधवाला, पेपरवाला, मजूर यांनी दंड भरले. सुरक्षेच्या नावाने सायकलवाल्यालाच रस्त्यावरून हटवायचे, हा सगळ्यात स्वस्त उपाय प्रशासनाला फार आवडतो.

कलम २१२ प्रमाणे असे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्या हरकती इंग्रजीत टाईप करून क्रीडा सायकलवाल्यांच्या संघटना देतीलच. सफाई कामगारांच्या युनियनने, घरकामगार महिलांनी, वस्तीतल्या मंडळांनीही मराठीत दिल्या पाहिजेत. कोणत्याही रस्त्यावर सायकलला बंदी नको आणि मोडका मार्ग असेल तर तो न वापरल्याचा दोष सायकलवाल्यावर नको, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहाव्यात. तोपर्यंत आपापल्या क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: आपल्या भागात कागदावर किती मीटर सायकल मार्ग आहे, त्यावर किती खर्च झाला, आणि त्या मार्गावर गाडी लावल्याबद्दल गेल्या वर्षी किती जणांवर कारवाई झाली. अर्जाची फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही लागत नाही.