मालवणच्या पाण्यात डोके घालण्यापूर्वी

सुट्टी लागली की मालवण, तारकर्ली आणि देवबाग या गावांच्या वाटा प्रवाशांनी भरून जातात, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचे दर्शन, सोलकढी व बांगड्याचे जेवण यांच्या जोडीला होडीतून आत जाऊन पाण्याखालची सृष्टी पाहणे हाही सहलीच्या कार्यक्रमाचा एक ठरीव भाग आता होऊन बसला आहे. ज्या किनाऱ्यावर आरमाराची स्थापना होऊन साडेतीन शतके लोटली, त्याच किनाऱ्याच्या मुलुखातील बहुसंख्य माणसांनी समुद्र केवळ काठावरून पाहावा, ही स्थिती पालटत आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु मालवणच्या धक्क्यावर होडीची वाट पाहत उभ्या असलेल्या मंडळींचे बोलणे कानांवर पडू लागले म्हणजे या आनंदाबरोबरच काळजीही वाटू लागते. कारण ज्या समजुती मनाशी घट्ट धरून ही मंडळी पाण्यात उतरतात, त्यांतील काही निरुपद्रवी असल्या तरी काही थेट जिवावर बेतणाऱ्या, आणि काही त्या पाण्याखालच्या जीवांच्या मुळावर येणाऱ्या असतात.

पहिला घोटाळा नावापासूनच होतो. मालवणात पाण्याखाली पाहण्याच्या प्रत्येक प्रकाराला सरसकट ‘स्कूबा’ म्हटले जाते. वस्तुतः स्कूबात दाबलेल्या हवेची टाकी बरोबर असते आणि माणूस प्रशिक्षकाच्या हाताखाली खरोखरच पाण्याच्या आत जातो. उलट स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पृष्ठभागावर पालथा तरंगत, डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात एक आखूड नळी धरून, वरचीच हवा घेत खाली पाहत राहतो. त्यामुळे एकासाठी केलेली तयारी दुसऱ्याला पुरत नाही, आणि पैसे देण्यापूर्वी आपण नेमके काय करणार आहोत याची खातरजमा करून घेणे हा पर्यटकाचा हक्कच आहे.

ज्याला पोहता येत नाही त्याने या फंदात पडू नये, असे एक मत ऐकू येते. आणि ज्याला पोहता येते त्याला यात शिकण्यासारखे काही नाही, असे दुसरे. माझ्या मते दुसरे मत अधिक घातक आहे. पोहता न येणारा मनुष्य मुळातच सावध असतो, मार्गदर्शकाचे ऐकतो, तरंगत्या कड्याला धरून राहतो आणि उथळ, शांत पाण्यात, कोणीतरी कडे ओढत असताना, पुष्कळ काही पाहून सुखरूप परत येतो. विहिरीत किंवा नदीत पोहून तयार झालेला मनुष्य मात्र मान वर ठेवून नाकाने श्वास घेण्याच्या जन्माच्या सवयीने पाण्यात उतरतो, आणि मुखवट्यात नाक बंद होऊन केवळ तोंडाने श्वास घेण्याची वेळ आली की पहिल्या दोन-चार मिनिटांतच त्याची धांदल उडते. येथे कसोटी लागते ती बाहुबळाची नसून संथ, खोल आणि निश्चिंत श्वासाची. आणि ती सवय कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, तोंड बुडवून, पाच-दहा मिनिटांत लावून घेता येते. ज्या होडीवर एवढ्या सरावाला वेळ दिला जात नाही, त्या होडीची घाई आपली नव्हे.

नळी जरा लांब असती तर आणखी खाली जाता आले असते, ही शंका लहान मुले हमखास विचारतात आणि मोठी माणसे मनात ठेवतात. नळी हातभर लांबीची असते यामागे काटकसर नाही, शरीरशास्त्र आहे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे केवळ एक मीटर खाली गेलेल्या छातीवर बाहेरून एक दशांश वातावरणाचा जादा दाब पडतो, आणि नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची असल्यामुळे तेवढ्या दाबाविरुद्ध छाती फुगवून ती आत ओढणे फासळ्यांच्या स्नायूंना काही क्षणांपलीकडे झेपत नाही. शिवाय उच्छ्वासाची हवा लांब नळीत तशीच साचून राहते आणि पुढच्या श्वासाला तीच पुन्हा आत येते. उथळ, भरभर श्वास घेणाऱ्याला आखूड नळीतही हाच त्रास होतो, म्हणून श्वास सावकाश घ्यावा असे जे सांगतात ते धीर देण्यापुरते नसते.

याच संदर्भात एक खरोखरच प्राणघातक समजूत सांगितली पाहिजे. बुडी मारण्यापूर्वी दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घेतला की प्राणवायूचा साठा होतो आणि दम अधिक टिकतो, असे तरुण मंडळी एकमेकांना शिकवतात. श्वास घेण्याची तीव्र निकड आपल्याला भासते ती मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, प्राणवायू घटल्यामुळे नव्हे. जोरजोराच्या श्वासाने प्राणवायूत नाममात्र भर पडते, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. परिणामी धोक्याची सूचना मिळण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि चांगला पोहणारा, धट्टाकट्टा मुलगा कोणतीही धडपड न करता पाण्यात बेशुद्ध होतो. वरून पाहणाऱ्याला तो शांतपणे मासे पाहत आहे असेच वाटते. पाण्यात शरीर आडवे तरंगू लागले की हातापायांतील रक्तही छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. तेव्हा हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी हा प्रकार निव्वळ तरंगण्याचा आहे असे मानून डॉक्टरांचा सल्ला टाळू नये.

मुखवट्याविषयी लोक इतके कमी विचारतात की त्यावर थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. पाण्यात उघड्या डोळ्यांनी धूसर दिसते याचा दोष पाण्याच्या गढूळपणावर जातो. खरे कारण असे की डोळ्याच्या पारदर्शक पटलाची प्रकाश वळवण्याची शक्ती हवेच्या संगतीतच प्रभावी असते, आणि मुखवटा डोळ्यांपुढे हवेचा एक लहानसा कप्पा धरून ठेवतो म्हणून दृष्टी परत येते. त्याच कप्प्यामुळे पाण्यातील वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात, व त्यामुळेच हातभर माशाच्या गोष्टी किनाऱ्यावर येतात. तो मुखवटा नीट बसतो की नाही हे पाहण्यासाठी पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो जागच्या जागी राहिला तर तो आपल्या मापाचा. कपाळावरची एखादी बट किंवा भरघोस मिशी रबराच्या कडेखाली आली की थेंब थेंब पाणी शिरू लागते, आणि पट्टा करकचून आवळल्याने ते थांबत नाही, उलट वाढते. बट मागे सारावी, मिशीवर थोडे व्हॅसलीन लावावे. अख्खा चेहरा झाकणारे नव्या पद्धतीचे मुखवटे नवख्यांना सोयीचे वाटतात, परंतु त्यांत उच्छ्वासाची हवा साचण्यास अधिक जागा असते आणि घाबरलेल्या माणसाला ते चटकन उतरवता येत नाहीत. मी तरी ते घालणार नाही.

लाइफ जॅकेट चढवले की काळजी मिटली, हाही समज पुरता खरा नाही. ज्या जॅकेटची रचनाच बुडत्याचे तोंड आकाशाकडे ठेवण्यासाठी केलेली असते, ते घालून पालथे तरंगायचे म्हणजे जॅकेटशी झुंजणे असते. अनेकजण मग पाण्यात ते सैल करतात, आणि सैल जॅकेट काखेतून वर सरकून निरुपयोगी होते. पाहण्यासाठी छातीभोवतीची हलकी, फुगवता येणारी बंडी किंवा तरंगते कडे आणि प्रवासासाठी पूर्ण बंद केलेले जॅकेट, अशी दुहेरी तजवीज असावी. प्रवासात ते अंगावर असावे, बाकाखाली नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीकडे निघालेल्या मुंबईच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून 15 जणांना प्राण गमवावे लागले. ती बोट शंभराहून अधिक माणसे वाहणारी, चांगली मोठी होती. मोठी बोट निर्धोक आणि लहान होडी धोक्याची, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ही दुर्घटना आठवावी. आणि लहान ती सुरक्षित, असे उलट समीकरण मांडणाऱ्यांनी मे 2022 च्या अखेरीस तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतताना उलटलेल्या होडीचे स्मरण ठेवावे. तेथे दोन पर्यटक दगावले.

मग थोड्या माणसांची होडी मागावी ती कशासाठी? पुष्कळांना ती श्रीमंतांची चैन वाटते. मला वाटते, यातील खरी किंमत आहे ती नजरेची. पाण्यात पालथे तरंगणारे डोके संकटात आहे की सुखात, हे वीस डोक्यांच्या घोळक्यात कोणालाही ओळखता येत नाही. सहा-आठ माणसे असली, त्यांच्याबरोबर पाण्यात दोन मार्गदर्शक असले आणि होडीवर थांबलेल्या खलाशाला डोकी मोजण्यापलीकडे दुसरे काम नसले, तर ते ओळखता येते. म्हणून दरासाठी घासाघीस करण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, त्यावर नोंदलेली प्रवाशांची मर्यादा आणि होडीच्या तपासणीचा दाखला पाहावा. हे विचारल्याने प्रामाणिक तांडेल रागावत नाही. तो स्वतःच हौसेने दाखवतो, असा माझा अनुभव आहे.

उपाशीपोटी होडीत बसले की मळमळत नाही, ही समजूत थोडक्यात निकालात काढता येईल. मळमळ उद्भवते ती कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची साक्ष आणि डोळ्यांची साक्ष जुळत नाही म्हणून. रिकामे पोट तिला रोखत नाही. तासभर आधी हलके खावे, औषध घ्यायचे तर तेही तेव्हाच घ्यावे, आणि दृष्टी मोबाइलवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या पाण्याविषयी. अंदमान किंवा लक्षद्वीपची निळीशार छायाचित्रे पाहून आलेला प्रवासी मालवणच्या हिरवट पाण्याकडे पाहून फसवणूक झाल्यासारखा खट्टू होतो. उष्ण कटिबंधातील अतिस्वच्छ पाणी स्वच्छ असते ते बव्हंशी त्यात पोषणद्रव्ये कमी, म्हणून तरंगते सूक्ष्मजीवही कमी असतात या कारणाने. कोकणच्या समुद्रात कर्लीसारख्या नद्यांचा गाळ उतरतो, पावसाळ्यात खालचे सकस पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पतींची पैदास होते आणि त्यांवरच तारली-बांगड्यांचे थवे पोसले जातात. जे हिरवेपण आपल्या नजरेला अडवते तेच आपल्या ताटात येते. आणि या धूसर पाण्यातही प्रवाळ आहे. भारतातील प्रवाळ म्हणजे अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात, एवढ्यावर शालेय भूगोल थांबतो. परंतु 1987 साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या सुमारे 29 चौरस किलोमीटरांच्या हद्दीत, बुडालेल्या खडकांवर, प्रवाळाच्या विखुरलेल्या वसाहती आहेत. त्या अंदमानसारख्या पसरट बागा नव्हेत. गढूळ पाणी आणि पावसाळ्यातील गोड्या पाण्याचा मारा सोसून तग धरलेल्या या चिवट जातींचे मला अधिकच अप्रूप वाटते.

हा दगड आहे असे समजून त्यावर उभे राहणारे पर्यटक मी पाहिले आहेत, आणि ते दृश्य मला सहन होत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे. दगड दिसतो तो त्याने रचलेला चुन्याचा सांगाडा, आणि त्याच्या पृष्ठभागावर पातळ जिवंत थर असतो, ज्यात राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न पुरवतात. पाणी दीर्घकाळ अधिक तापले की ही शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो पांढरा रंग पाहून ‘किती सुंदर’ म्हणणाऱ्यांना आपण उपाशी पडलेला जीव पाहत आहोत हे कोणी सांगत नाही. गोल घुमटासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे हातभर उंचीचा घुमट अर्धशतकाच्या आसपासचा असतो, आणि एका टाचेच्या दाबाने त्याचा तो जिवंत थर चिरडला जातो. त्याचा तुटका तुकडा घरी नेणे हा केवळ असभ्यपणा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळाचा समावेश आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो वाघाच्या पंक्तीत बसतो.

माशांना पाव टाकणे हे भूतदयेचे काम समजले जाते. पावाचा चुरा पाण्यात पडताच पट्टेरी मासे चहूकडून झेपावतात, छायाचित्र उत्तम येते आणि होडीवाल्याला शाबासकी मिळते. परंतु खडकावरील शैवाल कुरतडणे आणि बारीक जीव टिपणे हे या माशांचे नेमून दिलेले काम. ते सोडून ते होडीच्या आवाजाकडे धावू लागले की शैवाल वाढून प्रवाळाला झाकते, शिवाय धीट मासे इतरांना हुसकावून लावतात. होडीवाल्याला दोष देण्यापूर्वी पाहुण्यांनी स्वतःच ‘पाव नको’ म्हटले तर हा प्रकार एका हंगामात थांबेल, कारण मागणी आपलीच आहे. मुशीच्या भीतीने पाय आखडून घेणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते की येथे खरी इजा होते ती खडकावरच्या कालवांच्या धारदार कडांनी, समुद्री साळूच्या काट्यांनी आणि वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडल्याने. अर्थात ही तिन्ही संकटे पाय टेकवणाऱ्यावरच येतात.

दिवस निवडताना लोक शनिवार-रविवार पाहतात. कोकणी माणूस तिथी पाहतो, आणि त्याला जुनाट समजणे हा शेवटचा गैरसमज. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी जोराने येते-जाते आणि तळाचा गाळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ओढ कमी असते आणि गाळ खाली बसतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते: अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. दिवाळीनंतर नद्यांचा गाळ ओसरला, की नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील अष्टमीच्या आसपासचा एखादा दिवस धरावा. सकाळी मतलई वारा पडून खारा वारा सुटायच्या आत, नऊ ते अकराच्या दरम्यान, सूर्य पुरेसा वर आलेला असताना पाण्यात असावे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडीही बंद असते, आणि त्या आधीच्या आठवड्यातही आभाळ भरून आले असता तांडेलाने दोर सोडायला नकार दिला, तर भरलेले पैसे पुढच्या तारखेला वळते करून मागावेत. बहुतेक ठिकाणी ते मिळतात.