कुंपण, कट्टा आणि पानठेला : धरमपेठेतील हिरव्या जागांचा विचार

सार्वजनिक बाग सुरक्षित कशी ठेवावी, या प्रश्नाला आपल्याकडच्या नगरप्रशासनांनी दिलेले उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच असते : टोकदार गजांचे उंच कुंपण, एकच फाटक, फाटकावर नियमांची पाटी, सकाळ-संध्याकाळ काही तास उघडणारे कुलूप आणि अलीकडे त्यावर बसवलेला सीसीटीव्ही कॅमेरा. धोका बाहेरून आत येतो, म्हणून आत येणारे जितके कमी तितकी जागा निर्धोक, असे या उत्तरामागचे गृहीतक आहे. गेल्या साठेक वर्षांत शहरांच्या अभ्यासकांनी ते पुष्कळ अंशी उलटे ठरवले असून, बाग तिच्यातल्या माणसांमुळे सुरक्षित होते आणि ती माणसे टिकतात की नाही हे बागेच्या आतल्या सजावटीपेक्षा तिच्या काठावर, म्हणजे बाग आणि रस्ता जिथे भेटतात त्या पट्ट्यावर, अधिक अवलंबून असते, असे त्यांच्या निरीक्षणांचे सार आहे. हा विचार न्यूयॉर्क किंवा व्हिएन्नाच्या उदाहरणांनी सांगण्याची प्रथा आहे. परंतु नागपुरातील धरमपेठेसारख्या वस्तीवर तो घासून पाहिला, तर त्याच्या काही मर्यादाही दिसतात.

सीताबर्डीच्या पश्चिमेला वेस्ट हायकोर्ट रोडच्या दोन्ही अंगांनी पसरलेली धरमपेठ ही नागपूरच्या जुन्या महाल भागासारखी आपोआप दाटत गेलेली वस्ती नव्हे. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने शहराच्या विस्ताराला जी लेआऊटची शिस्त लावली, तिच्यात निवासी भूखंड, रस्ते आणि सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जागा यांची आखणी आधी आणि घरे नंतर असा क्रम होता. या राखीव जागांना नागपुरात आजही सरसकट ‘पीयू लँड’ म्हटले जाते. शहराच्या सीमेवर शेतजमिनींचे तुकडे पाडून परस्पर विकले गेलेले जे लेआऊट पुढे ‘५७२ लेआऊट’ आणि ‘१९०० लेआऊट’ या आकड्यांनीच ओळखले जाऊ लागले, त्यांच्या नशिबी हा क्रम नव्हता. तिथे घरे आधी झाली आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमितीकरणाची वाट उघडली, तेव्हा बागेसाठी मोकळी जागा उरली आहे का, हाच पहिला प्रश्न होता. धरमपेठेला जागा मिळवण्यासाठी झगडावे लागत नाही, मिळालेल्या जागेचे काय करायचे एवढेच ठरवायचे आहे, आणि हे भाग्य शहराच्या मोठ्या भागाला लाभलेले नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढची चर्चा वाचायला हवी.

१९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात जेन जेकब्स यांनी बागांविषयी एक अप्रिय गोष्ट सांगितली : बाग आपल्या परिसराला जीवन देत नाही, परिसर बागेला देतो. ज्या बागेभोवती फक्त कचेऱ्या आहेत ती संध्याकाळी ओस पडते, जिच्याभोवती फक्त घरे आहेत ती भरदुपारी ओस पडते, आणि ओस पडलेली जागा कोणाच्या ताब्यात जाते हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही. बागेभोवती दुकान, शाळा, घर, दवाखाना, खाद्यपदार्थांची गाडी असे नाना उपयोग असतील, तर वेगवेगळ्या कामांनी बाहेर पडलेली माणसे वेगवेगळ्या वेळी तिच्याजवळून जातात आणि नकळत तिच्यावर नजर ठेवतात. या विनावेतन पहाऱ्याला पुढे नगररचनेच्या शास्त्रात ‘नैसर्गिक देखरेख’ असे नाव मिळाले.

या कसोटीवर धरमपेठेइतकी अनुकूल वस्ती नागपुरात क्वचितच सापडेल. गोकुळपेठेचा बाजार सकाळपासून जागा असतो. परिसरातील शाळा-महाविद्यालये आणि शिकवणीवर्ग दुपारचे तास भरून काढतात. लॉ कॉलेज चौक आणि कॉफी हाऊस चौक या भागांत संध्याकाळनंतर तरुणांची गर्दी असते. आणि शंकरनगर चौक, एलएडी चौक व धरमपेठ कॉलेज ही मेट्रोच्या अॅक्वा मार्गिकेवरील स्थानके या भागात बाहेरची माणसे आणून सोडत आहेत. जेकब्स यांनी मागितलेले मिश्रण इथे आयतेच आहे. प्रश्न असा की या मिश्रणाची नजर बागेपर्यंत पोचते का.

धरमपेठेतील चिल्ड्रन ट्रॅफिक पार्क या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुलांना वाहतुकीचे नियम खेळता खेळता कळावेत म्हणून बागेत छोटे रस्ते, सिग्नल आणि पादचारी पट्टे आखायचे, ही कल्पना विसाव्या शतकात अनेक देशांत रुजली आणि तिचाच हा नागपुरी अवतार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नागपूरकरांना तो खेळगाडीमुळे अधिक आठवतो, नियमांमुळे कमी, हे ओघानेच आले. परंतु या कल्पनेतच एक विसंगती आहे : आत पादचारी पट्टा ओलांडायला शिकलेल्या मुलाला बागेबाहेरचा खरा रस्ता एकट्याने ओलांडू द्यायला पालक धजावत नाहीत, म्हणजे ज्या धोक्यासाठी शिक्षण द्यायचे तो धोका फाटकाबाहेर तसाच राहतो आणि मूल बागेत येते ते मोठ्यांच्या हाताला धरून, मोठ्यांच्या सवडीने. वाहनांचा वेग उतरवणारे उंच पादचारी ओलांडे फाटकासमोर बांधणे हे उद्यान विभागाचे काम मानले जात नाही आणि रस्ते विभागाला बागेशी कर्तव्य नसते.

न्यूयॉर्कमधील लहान चौकांत माणसे कुठे बसतात याचे चित्रण करून विल्यम व्हाइट यांनी १९८० मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातील बरेच निष्कर्ष आता जगभर पाठ झाले आहेत : माणसे तिथे बसतात जिथे बसायला जागा असते, त्यांना हलवता येणारी खुर्ची आवडते, खाण्याची सोय असली की ती रेंगाळतात, आणि त्यांना ऊन हवे असते. यातले शेवटचे वाक्य नागपूरकराला वाचवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि नवतपा हा शब्द कॅलेंडरइतक्या सहजपणे वापरणाऱ्या शहरात बागेचे घड्याळच वेगळे असते. उन्हाळ्यात चालायला येणारे लोक सूर्योदयाच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर येतात. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळत असल्याने कचेरीतून सुटलेल्या माणसाला बाग उजेडात पाहायलाच मिळत नाही. नागपूरची बाग तिच्या वापराचा मोठा भाग अंधारात किंवा संधिप्रकाशात काढते, आणि म्हणून दिव्यांची रचना हा इथे शोभेचा विषय नसून आराखड्याचा गाभा ठरतो.

प्रकाशाच्या बाबतीत सर्वसाधारण समजूत अशी की दिवा जितका प्रखर तितकी सुरक्षितता जास्त, आणि याच समजुतीतून चौकाचौकांत हायमास्ट उभे राहिले. प्रत्यक्षात डोळ्यांना एकसारखेपणा हवा असतो : लख्ख उजेडाच्या वर्तुळातून पाहणाऱ्याला त्यापलीकडचा काळोख अधिक गडद दिसतो, समोरून येणाऱ्याचा चेहरा मागच्या झोतामुळे काळा पडतो, आणि झाडाच्या माथ्यावर लावलेला दिवा पानांनाच उजळून खाली सावली पाडतो. माणसाच्या उंचीच्या जवळ, पर्णसंभाराच्या खाली, कमी अंतरावर लावलेले सौम्य दिवे चेहरा ओळखू येण्याइतका प्रकाश देतात, आणि अंधारात चालणाऱ्या बाईला नेमके तेवढेच हवे असते. झाडांच्या निवडीलाही हाच नियम लागू पडतो. झुडपे साधारण ९० सेंटिमीटरच्या खाली छाटलेली आणि वृक्षांचा पसारा दोन मीटरच्या वर उचललेला असावा, म्हणजे मधल्या पट्ट्यातून नजर आरपार जाते. कडुनिंब, करंज, बकुळ, वर्षावृक्ष ही विदर्भाच्या उन्हाला पुरून उरणारी झाडे वाढली की आपसूकच हा नियम पाळतात. अडचण होते ती फाटकाजवळ हौसेने लावलेल्या दाट शोभिवंत कुंपणांची. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी शिकागोतील सरकारी गृहवसाहतीच्या ९८ इमारतींची पाहणी करून २००१ मध्ये दाखवून दिले की ज्या इमारतींभोवती हिरवळ आणि वृक्ष अधिक होते तिथे नोंदलेले गुन्हे कमी होते. म्हणजे झाड हा गुन्हेगाराचा आडोसा आहे ही पोलिसी समजूत सरसकट खरी नाही, आडोसा झुडपाचा होतो. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचेही तेच झाले होते. रस्त्यापासून उंचावलेली आणि झुडपांनी वेढलेली ती बाग १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रेत्यांनी काबीज केली, आणि व्हाइट यांच्या सल्ल्याने वाटा रुंद करून, झुडपे काढून, खुर्च्या आणि खाद्यगृहे आणून ती १९९२ मध्ये पुन्हा उघडली गेली, तेव्हा तीच जागा गजबजून गेली.

दुपारच्या कुलपाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांना आणि संध्याकाळी येणाऱ्या कुटुंबांना सोयीचे असे वेळापत्रक आखताना जी माणसे हिशेबात धरली जात नाहीत, ती भर दुपारी सावलीच्या शोधात असतात : दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळी असलेली मोलकरीण, घरपोच सेवेचा दुचाकीस्वार, भाजीची हातगाडी लावलेला माणूस. अहमदाबादने २०१३ मध्ये घालून दिलेल्या धड्यावरून नागपूरनेही पुढे उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा स्वीकारला. दुपारी बागा उघड्या ठेवणे हा अशा आराखड्यातील सर्वांत स्वस्त उपाय ठरावा. त्याला विरोध होतो तो मात्र उन्हामुळे नव्हे, तर दुपारी बागेत ‘नको ती माणसे’ बसतात म्हणून.

या नको त्या माणसांत बहुधा पहिला क्रमांक तरुण जोडप्यांचा लागतो. डिसेंबर २००५ मध्ये मीरतच्या बागेत पोलिसांनी कॅमेऱ्यांसमोर जोडप्यांना केलेली मारहाण देशभर गाजली, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली बाग कोणासाठी असुरक्षित करता येते याचा तो नमुना होता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या मुंबईवरील अभ्यासात हा मुद्दा अधिक खोलवर नेला आहे. बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी कारण लागते, ती कामाला, शाळेत, देवळात जात असते, पण नुसती बसलेली नसते. आणि जोवर तिला विनाकारण बसता येत नाही तोवर ती जागा तिची झालेली नसते, असे त्यांचे म्हणणे. बागेतल्या व्यायामयंत्रांभोवती दिसणाऱ्या स्त्रिया आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री यांच्या संख्येतला फरक कोणत्याही बागेत उघड्या डोळ्यांनी मोजता येतो. व्हिएन्नात नव्वदच्या दशकातील पाहणीत असे आढळले की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांतून नाहीशा होतात, कारण एकमेव मोकळे मैदान मुलांच्या चेंडूने व्यापलेले असते. १९९९ पासून तिथे काही बागांची मैदाने लहान भागांत विभागली गेली, अनेक वाटा काढल्या गेल्या आणि मुली परत दिसू लागल्या. नागपुरात याची नक्कल करायला पैसा फारसा लागणार नाही, लागेल ते स्वच्छ आणि उजेडातले स्वच्छतागृह, ज्याच्याशिवाय कोणतीही मुलगी कोणत्याही बागेत तासाभरापेक्षा अधिक थांबत नाही.

बागेच्या काठाचे सर्वोत्तम उदाहरण शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या आणि दोन वर्षांनी शिवछत्रपतींचे नाव मिळालेल्या दादरच्या शिवाजी पार्कभोवती जो बुटका कट्टा आहे, तो एकाच वेळी मैदानाची हद्द आणि शहरातले सर्वांत लांब बाकडे आहे. त्याच्यावर बसलेला माणूस हवे तर मैदानाकडे तोंड करतो, हवे तर रस्त्याकडे. आतल्याला बाहेरचे आणि बाहेरच्याला आतले दिसते. उंच गजांचे कुंपण एवढ्या लांबीत एकालाही बसू देत नाही. धरमपेठेतील बागांच्या हद्दी अशा कट्ट्यांत बदलल्या, आणि कट्ट्यालगत पानठेल्यांना, चहाच्या टपऱ्यांना, उन्हाळ्यातल्या रसवंत्यांना नेमून दिलेली जागा मिळाली, तर रात्री दहापर्यंत बागेला पहारेकरी मिळतील. पानठेला हा विदर्भातला खरा चौकीदार आहे : त्याला गिऱ्हाइकांचे चेहरे माहीत असतात, कोण कधीपासून उभे आहे हे तो सांगू शकतो, आणि त्याचा दिवा पोलिसांच्या दिव्यापेक्षा उशिरापर्यंत जळतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. बागेचा काठ कोणाला द्यायचा हे या समितीत बसून ठरवता येते, पण एरवी बागेचे सुशोभीकरण म्हटले की पहिली गच्छंती ठेल्यांचीच होते. खर्रा आणि थुंकी यांचा आक्षेप खरा आहे, त्यावर परवान्याच्या अटी हा इलाज आहे. ठेला हटवणे हा नव्हे.

काठ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे अंबाझरीने अधिक कडवटपणे दाखवले. १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी उभ्या राहिलेल्या तलावाच्या पायथ्याशी १९५८ मध्ये साकारलेले अंबाझरी उद्यान अनेक पिढ्यांच्या सहलींचे ठिकाण होते. ते खाजगी सहभागाने विकसित करण्याच्या प्रक्रियेत २०२१ मध्ये तिथले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले आणि आंबेडकरी समाजाने, विशेषतः स्त्रियांनी, प्रदीर्घ धरणे धरले. आराखड्यात ज्या वास्तूला फक्त क्षेत्रफळ असते, तिच्यात एका समाजाच्या सभा, लग्ने आणि स्मृती राहत असतात, हे विचारात न घेता केलेल्या रचनेला मेळमिलापाची जागा म्हणणे कठीण आहे. दोन वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, त्याच तलावाने आपली हद्द सांगितली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी अंबाझरी लेआऊट आणि शंकरनगरपासून सीताबर्डीपर्यंत घराघरांत शिरली, माणसे दगावली, आणि सांडव्यासमोरील एका स्मारकाच्या जागेचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. नदीकाठचे प्रत्येक मैदान आणि बाग ही अशा रात्री पाणी थोपवण्याची जागा असू शकते, हे त्यानंतर तरी नगररचनेच्या नोंदीत यायला हवे. रॉटरडॅमने २०१३ मध्ये बांधलेला बेन्थेम्प्लाइन हा चौक कोरड्या दिवशी मुलांचे क्रीडांगण आणि पावसात पाण्याचे कुंड असतो. नाग नदीच्या काठाला असे खोलगट मैदान मिळवायचे, तर पीयू लँडवर भराव आणि पेव्हिंग ब्लॉक घालण्याची सवय आधी सोडावी लागेल, कारण भराव घातलेली बाग पाणी शेजारच्या घराकडेच ढकलते.