तिकीट काढलं म्हणजे सगळं बघायलाच हवं?

‘एवढ्याशा पोराला संग्रहालयात काय कळणार?’ हा प्रश्न बहुतेक पालकांनी ऐकलेला असतो. मूल स्वमग्न असेल किंवा त्याला एडीएचडी असेल, तर तो आणखी ठासून विचारला जातो. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : वाचता येत नाही, तोवर उपयोग नाही.
वस्तू बघायला अक्षरओळख लागत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या अशा घरगुती वस्तू आहेत. काम एकच, पण प्रत्येक अडकित्त्याचा घाट निराळा. सारख्या वस्तूंमधले असे बारीक फरक शोधण्यात अनेक स्वमग्न मुलं रमून जातात. मोठी माणसं एवढ्या निगुतीनं क्वचितच बघतात. आणि हे संग्रहालय मुळात एका मुलाच्याच नावानं आहे. दिनकर ऊर्फ काका केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी आपल्या संग्रहाला त्याचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाकडे सोपवला.

गैरसमज : तिकीट काढलंय, तर सगळी दालनं बघूनच निघायचं.
अर्धा तास आणि एक दालन पुरे. मूल कंटाळण्याआधी निघालात, तर पुढच्या वेळी ते आनंदानं येईल.

गैरसमज : कान झाकून किंचाळणारं मूल हट्टी असतं, त्याला वळण नसतं.
सर्वांत जास्त त्रास या गैरसमजाचा होतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घुमटाखाली शाळेची सहल शिरली की आवाज घुमू लागतो. आपण तो मागे सारून मूर्ती बघत राहतो. अनेक स्वमग्न मुलांना ते जमत नाही. आवाज, झगमगते दिवे, अनोळखी धक्के सगळं एकदम अंगावर येतं. हट्टामागे काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की हट्ट बहुधा संपतो. पण आवाज-गर्दीचा हा भार असह्य झाला, की काहीही हातात दिलं तरी रडणं थांबत नाही. तेव्हा हवी असते शांत जागा, कमी बोलणं आणि वेळ. हात फडफडवणं, डोलणं हे मुलाचं स्वतःला सावरणं असतं, ते थांबवू नये. आवाज अडवणारे हेडफोन हे लाड नव्हेत. चष्म्याइतकीच ती गरज आहे.

पूर्वतयारीचा खूप उपयोग होतो. आदल्या दिवशी दार, तिकीटखिडकी, जिना, स्वच्छतागृह यांचे फोटो क्रमानं दाखवून ‘आधी हे, मग ते’ असं सांगावं. सकाळी दार उघडतानाच पोहोचावं. जागाही निवडता येते : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालयही आहे.

गैरसमज : सोय मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं.
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत (एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही). कलम २९ प्रमाणे सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याच्या हक्काचं रक्षण करणं ही शासनाची जबाबदारी आहे. लंडनचं सायन्स म्युझियम काही दिवशी स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी नेहमीच्या वेळेआधी, कमी गर्दीत दारं उघडतं. आपल्या संग्रहालयांनीही महिन्यातून एक सकाळ अशी ठेवावी. आणि तोवर, दालनात असं मूल दिसलं तर त्याच्या आईवडिलांना सल्ला देऊ नका, फक्त वाट मोकळी करून द्या.