नाचणारं स्टेअरिंग आणि तेलाची नळी

रविवारी सकाळी करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जुन्या वर्तमानपत्रावर एक नळी पडली होती. हातभर लांब, काळी, तेलात कालवलेल्या लाल मातीचा थर चढलेली. मिस्त्रींनी ती फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. "दाबून बघा." मी दांडा आत ढकलला. आधी चांगला जोर लागला, मध्ये बोटभर अंतर तो एकदम पोकळ गेला, मग पुन्हा जोर. ओढतानाही तीच जागा पोकळ. गाडी सरळ चालली असते तेव्हा दांडा नेमका याच मधल्या टप्प्यात असतो, म्हणजे जिथे काम तिथेच नळी रिकामी.

हा स्टेअरिंग डॅम्पर. कुणी स्टॅबिलायझर म्हणतं. माझी गाडी वीस वर्षांची फोर-बाय-फोर आहे, पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड लोखंडी ॲक्सलवर. आदल्या दिवशी पळस्प्याहून कर्नाळ्याकडे जाताना ताशी ७० च्या वेगात एका पुलाचा सांधा लागला, आणि स्टेअरिंग हातात नाचायला लागलं. डावं-उजवं, डावं-उजवं, दर झटक्याला वाढतं. वेग अगदी कमी होईपर्यंत ते थांबलं नाही. मागच्या कंटेनरवाल्याने खिडकीतून डोकं काढून काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

मला पडलेला प्रश्न साधा होता. सांध्याचा धक्का एकदाच बसला. मग थरथर चालूच का राहिली?

मॉलमधली ट्रॉली रिकामी असताना जोरात ढकलून पाहा. तिचं पुढचं एखादं चाक फडफडतं, आणि जितकं जोरात ढकलाल तितकं जास्त. हे चाक ज्या खुंट्यावर फिरतं त्याच्या मागे ते जमिनीला टेकतं. वाकडं गेलं की जमीन त्याला सरळ ओढते. गाडीचं स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होतं तेही याच कारणाने. पण चाक नेमकं मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातं. त्यातून टायरचं रबर बाजूला दबतं आणि सुटतं, आणि त्याला किंचित वेळ लागतो. या उशिरामुळे सरळ करणारा जोर कधीकधी चुकीच्या क्षणी पोचतो. झोपाळ्यावरचं पोर योग्य क्षणी पाय मारून झोका चढवतं, तसा प्रत्येक फेरीत थोडा रेटा मिळत जातो. तो रेटा येतो गाडीच्या पुढे जाण्यातून. म्हणून यावर तातडीचा उपाय एकच, वेग उतरवणं. स्टेअरिंगशी कुस्ती खेळून काही होत नाही.

अखंड ॲक्सलवर यात भोवऱ्याचाही हात असतो. भोवरा कलला की सरळ पडत नाही, डोकं गोल फिरवतो. फिरत्या चाकाचं तेच. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी ७० ला सेकंदाला जवळजवळ नऊ फेऱ्या मारतं. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल कलतो, त्याच्याबरोबर उजवंही, आणि कललेली दोन्ही चाकं आपणहून वळू पाहतात. एकाचं दुखणं दोघांना. शौकीन मंडळी मोठे, जड टायर टाकतात तेव्हा हा भोवराही मोठा होतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

या फडफडीला इंग्रजीतूनच आलेलं नाव आहे, शिमी. १९२० च्या दशकातल्या मोटारींना तिने छळलं. पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करण्यामागे जी कारणं होती त्यांत तीही एक. जनरल मोटर्सने १९३४ च्या मॉडेलांत तशी रचना आणली. आपल्याकडे मात्र चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलीज जीपचा पुढचा ॲक्सल अखंडच होता. दगडधोंड्यांत तो मजबूत पडतो. २०२० च्या थारची पुढची चाकं सुटी आहेत; २०२३ ला भारतात आलेल्या जिम्नीने अखंड ॲक्सल ठेवला, आणि सोबत डॅम्परही. विमानांचीही यातून सुटका नाही. बोइंग ७३७ च्या मुख्य चाकांच्या सांगाड्यावर शिमी डॅम्पर असतो. हल्ली आमच्या डोक्यावरून नवी मुंबईच्या विमानतळावर उतरणारं विमान दिसलं की मी चाकांकडेच बघतो.

नळीच्या आत जादू काही नाही. तेल भरलेलं, त्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या. दांडा हळू हलवा, तेल निमूट वाट देतं. झटका द्या, अडून बसतं. स्टेअरिंग तुम्ही सावकाश वळवता तेव्हा डॅम्पर जाणवत नाही, फडफडीला मात्र तो आडवा येतो आणि तिची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत घालवतो. चाकांवरचे शॉक ॲब्सॉर्बर साधारणपणे दबताना सैल आणि उसळताना कडक असतात. हा मात्र दोन्हीकडे सारखाच हवा, नाहीतर वळण एका बाजूला जड जाईल. गॅस भरलेले डॅम्पर तर दांडा आपणहून बाहेर ढकलतात, मग सरळ रस्त्यावर गाडी किंचित एका अंगाला ओढते आणि मालक उगाच अलाइनमेंट करत बसतो.

मी नवा डॅम्पर आणून ठेवलाच होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "इंजिन चालू करा आणि स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवा. थांबू नका." ते गाडीखाली आडवे झाले आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. टायरॉडचे शेवट ठीक. किंगपिनचे बेअरिंग ठीक. ॲक्सलला मधोमध धरून ठेवणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडवर हात गेला तसे म्हणाले, "हे बघा." मीही वाकलो. रॉडच्या टोकाचं रबरी बुश फाटलेलं, त्याचं भोक लंबगोल झालेलं; स्टेअरिंग हललं की आधी ॲक्सलच सुपारीएवढा सरकत होता, चाकं मागाहून. फडफडीला एवढी जागा पुरते. डॅम्पर बिचारा इतके महिने हे एकट्याने झाकत होता, आणि झाकता झाकताच संपला.

बाजारात दोन-दोन डॅम्पर बसवायची फॅशन आहे. फडफड दबते, बुश झिजत राहतं.

बुश बदललं, चाकं बॅलन्स केली. डॅम्पर सगळ्यात शेवटी. सकाळी जुना काढताना त्याचा निमुळता खुंटा स्टेअरिंगच्या दांड्याच्या डोळ्यात घट्ट रुतला होता. आट्यांवर घाव घालायचा मोह होतो; तो केला तर आटे जातात. मिस्त्रींनी डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवला, दुसऱ्या बाजूने एकच ठोका मारला, आणि खुंटा टपकन खाली आला. नवा बसवल्यावर नट कसायच्या आधी स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. पूर्ण वळणावर दांड्याची थोडी चाल उरली पाहिजे. नाहीतर डॅम्परच अडसर होतो आणि वाकतो.

दुपारी पुन्हा त्याच सांध्यावरून गेलो, बाजूला मिस्त्री. धप्प झालं, स्टेअरिंगने एकदा मान हलवली आणि गप्प. कर्नाळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून ते खाली वाकले, नळीला तळहात लावला.

"गरम?" मी विचारलं.

"कोमट पण नाही. बसून आहे तो."