ढगातलं घरी आणताना...

मी सिल्लोडचा. आमच्याच तालुक्यातल्या अजिंठा गावात राहून रॉबर्ट गिलने लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती रंगवल्या. काम सोपवलं गेलं १८४४ मध्ये. प्रती गेल्या लंडनला आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या!

आता म्हणाल, कॉम्प्युटरवाल्याला हे काय सुचलं? तर आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट क्लाउडवरच्या एकाच मशीनमध्ये होता, फुकटचं क्रेडिट संपत आलेलं, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून अख्खी डिस्कच उतरवून घ्यायचं ठरलं.

उदाहरण अझूरचं घेऊ. त्याचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग आपल्या पुण्यातच आहे. मशीन आतून शटडाउन केलं तर भाडं चालूच राहतं. पोर्टलमधून ‘स्टॉप’ केलं की ते ‘डीअलोकेट’ होतं, आणि मगच डिस्क एक्स्पोर्ट करून डाउनलोडची लिंक मिळते. इथे एक गंमत. लिंकची मुदत आपोआप ३६०० सेकंद येते, म्हणजे एक तास. लिनक्सची डिस्क साधारण ३० जीबीची. १० एमबीपीएस वेगाने ती उतरायला सात तासांहून जास्त लागतात. तेव्हा मुदत आधीच ३६००० करा, आणि डाउनलोड रात्री लावा. होस्टेलच्या नेटवर दिवसा लावाल तर शेजारच्या रूमचे शिव्या घालतील!

हाती येते व्हीएचडी फाइल. ‘क्यूएमू’ने ती दाबून क्यूकाउ-टू केली की रिकामी जागा गळून जाते आणि फाइल बरीच लहान होते. मग शा-२५६ काढून वहीत नाही, फाइलशेजारीच लिहून ठेवा. पाच वर्षांनी तोच आकडा आला, तर समजायचं, एक बिटही हललेला नाही.

आता माझी फजिती. डाउनलोड झालं, मशीन लॅपटॉपवर सुरूही झालं, पण लॉगिन होईना. कारण मी फक्त एसएसएच की वापरत होतो, पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता. नेटवर्क नाही, की चालत नाही, बसलो बघत! नशीब क्लाउडवरचं मशीन अजून पुसलं नव्हतं. पासवर्ड ठेवून सगळं पुन्हा उतरवलं. म्हणून घरी चालवून पाहिल्याशिवाय मूळ मशीन पुसू नका. मशीन जनरेशन १ की २, तेही लिहून ठेवा. १ ला बायोस लागतो, २ ला यूईएफआय.

आता एक प्रत माझ्या हार्डडिस्कवर होस्टेलमध्ये आहे, दुसरी सिल्लोडला घरी, कपाटात. दर दिवाळीला जोडून बघणार. गिलच्या प्रती एकाच छताखाली होत्या. आपण तेवढी चूक तरी टाळू, काय?